आत उघडणारं दार

फोन थरथरला तेव्हा ती आईच्या पायाखालची उशी सारखी करत होती. एक हात उशीखाली, दुसऱ्या हाताने पदर खोचलेला, म्हणून तिने लगेच पाहिलं नाही. मग आईला दोन घोट पाणी पाजलं, पेला स्टुलावर ठेवला, आणि पाहिलं. 'आपल्या डिजिटल स्वाक्षरीने टप्पा तीनचा घरकुल आराखडा यशस्वीरीत्या सादर झाला आहे. धन्यवाद.' बारा चाळीस. तिने पुन्हा वाचलं. चार दिवस ती ऑफिसची पायरी चढली नव्हती. चार दिवस ती याच खाटेशेजारी होती, इथेच बसून डुलक्या घेत होती, इथेच डॉक्टरांची वाट पाहत होती, आणि तिकडे तिची सही आपल्या पायांनी चालत जाऊन काम उरकून आली होती. तिसऱ्या टप्प्याची घरं. तीनशे बारा. म्हणजे आणखी तीनशे बारा दारं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे नेमकं काय होतं ते तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, कारण खरंच पाय आधी तापले, चपलेत घाम आला, मग गुडघे, मग पोट, आणि शेवटी कानांच्या पाळ्या. आई म्हणाली, "कुणाचा गं?" ती म्हणाली, "ऑफिसचा." आई म्हणाली, "जा मग. माझं काय, मी काय पळून जातेय?" आणि स्वतःच्या विनोदावर हसायला गेली, तर खुब्यात कळ आली आणि तोंड कसंनुसं झालं.

ऑफिस इस्पितळापासून चालत वीस मिनिटांवर. ती चालतच निघाली, कारण रिक्षात बसून राहणं तिला जमलं नसतं. सोमवारी याच वेळेला तिला आईच्या शेजारणीचा, शिवणवालीचा फोन आला होता. "ताई, तुमच्या दारातून पाणी बाहेर येतंय. हाका मारल्या तर आई आतून बोलतात, पण दार उघडत नाही." ती पोचली तेव्हा पुढचं दार शिवणवालीने तिच्याजवळच्या चावीने उघडलेलं होतं, न उघडणारं दार होतं ते आतलं, न्हाणीघराचं. कडीसुद्धा लागलेली नव्हती. आई घसरून आडवी झाली होती आणि तिचं सगळं अंग दाराला लागून पडलं होतं. चार फूट बाय चार फूट जागा, त्यात एक बादली, एक नळ, एक माणूस. दार आत उघडतं. ढकलावं तर ते आईलाच लागणार. एकदा ढकललंही होतं कुणीतरी, आणि आतून जो आवाज आला तो तिला आता चालताना, भर रस्त्यात, गाड्यांच्या भोंग्यांमधून पुन्हा ऐकू आला. बिजागरंही आतल्या बाजूला, म्हणून दार बाहेरून उचकटता येईना. शेवटी शिवणवालीच्या नवऱ्याने करवतीच्या पात्याने फायबरचा खालचा पत्रा कापला. तासभर लागला. त्या तासात आईने एकदाही दाराला नावं ठेवली नाहीत. "नळ बंद करा आधी, पाणी वाया जातंय," असं मात्र दोनदा म्हणाली. आणि ती स्वतः, महापालिकेच्या घरबांधणी विभागातली आरेखक, बोळात उकिडवी बसून त्या दाराकडे पाहत होती, आणि तिला त्या दाराचं चित्र दिसत होतं. वरून पाहिलेलं. एक सरळ रेघ आणि तिच्या टोकाशी पाव वर्तुळ. पाव वर्तुळ आत.

ते पाव वर्तुळ तिने काढलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, एका शनिवारी, चार वाजता. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नव्हती, आणि संताप या गोष्टीचाही होता. कारण दुसऱ्याची चूक असती तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. पहिल्यांदा तिने ते दार बाहेर उघडणारंच काढलं होतं. शाळेत शिकवतात तसं, अक्कल असलेला कुणीही काढेल तसं. मग साहेब आले. तेव्हा ते उपअभियंता होते, पोट कमी होतं आणि हसणं जास्त होतं. वरून निधी येणार होता, स्वस्त घरांसाठी, रस्ता, गटार आणि दिव्यांसह, आणि निधीसोबत एक तक्ता आला होता. तक्त्यात एक रकाना होता : घरातल्या बोळाची मोकळी रुंदी. दार बोळात उघडलं की ती रुंदी चार बोटं कमी भरत होती. ती म्हणाली होती, "सर, खोलीची भिंत अर्धी वीट आत सरकवली तर बसेल. खोली मोठीच आहे. बिजागरं पलीकडे घेतली की दार भिंतीला चिकटून उभं राहील." साहेब म्हणाले होते, "सगळी पानं बदलावी लागतील की हो! सोमवारी मुदत. दार आत फिरवा ना. दोन क्लिकचं काम." खरंच दोन क्लिकचं काम होतं. रेघ निवडायची, मिरर म्हणायचं. पाव वर्तुळ टुणकन आत. तक्ता भरला, रकाना भरला, आणि तिला आठवतं, तिला बरं वाटलं होतं. हे ती कुणाला सांगणार होती? मैत्रिणीबरोबर चपला घ्यायला जायचं ठरलं होतं. साडेचारला ती रस्त्यावर होती. चपला लाल होत्या, डाव्या पायाला चावायच्या, दोन महिन्यांत टाकून दिल्या. दार राहिलं. दार राहिलं, कारण एकदा मंजूर झालेला आराखडा हा ऑफिसात देवाचा शब्द; पुढच्या टप्प्यात नवा काढला तर नवी मंजुरी, नवे प्रश्न, म्हणून जुनाच काढायचा, तारीख बदलायची. पहिल्या टप्प्यात दोनशे चाळीस, दुसऱ्या टप्प्यात दोनशे चाळीस. सोडतीत आईचं नाव निघालं तेव्हा तिने पेढे वाटले होते. पेढे! नऊ वर्षं दर रविवारी ती आईकडे जायची, त्या न्हाणीघरात जायची, दार लावताना बादली उचलून नळावर ठेवायची, गुडघा आपटून घ्यायची, आणि बाहेर येऊन म्हणायची, "काय गं आई, हत्तीला मुंगीच्या बिळात कोंबल्यासारखं वाटतं." आई हसायची. तीही हसायची. आपण कशाला हसतोय हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

ऑफिसच्या जिन्यात नेहमीसारख्या बायका बसल्या होत्या. पंपघराशेजारच्या पत्र्याच्या शेडमधल्या. तीन वर्षांपूर्वी यांची वस्ती 'तात्पुरती' हलवली होती, आणि तेव्हापासून मुदत जवळ आली की त्या आपल्या आपणच येऊन जिन्यात बसतात. काही मागत नाहीत, भांडत नाहीत, नुसत्या बसतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. त्यांतली एक, पुढचे दोन दात नसलेली, उठून म्हणाली, "मॅडम, गेलं म्हणे आपलं वर? ऑपरेटरबाई बोलल्या. तुमचीच सही लागती ना? देव तुमचं भलं करो." ती मान हलवून एक पायरी वर चढली. देव भलं करो. तिला वाटलं, हिला इथेच, या पायरीवर धरून सांगावं की बाई, तुझ्या घरात मी एक सापळा ठेवलाय, आणि तू म्हातारी झालीस की तो लागेल. पण बाईच्या मागे पत्र्याचं शेड होतं, मे महिना होता, आणि सहा वाजता मुदत संपत होती. सहा वाजता आराखडा वर नसला तर तिसऱ्या टप्प्याचा निधी दुसऱ्या कुठल्या तरी शहराच्या रस्त्यात जाणार होता. हे साहेब न सांगताही तिला ठाऊक होतं. म्हणून तर राग कुठे ठेवावा ते कळेना.

ऑपरेटरच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात सगळ्यांच्या सह्या असत. म्हणजे सहीच्या काड्या, पेनड्राइव्हसारख्या. ज्याची त्याने जिवापाड जपायच्या, असं परिपत्रक होतं. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी जपल्या. मग कुणी विसरून यायचं, कुणी रजेवर असायचं, कामं अडायची, म्हणून एकेकाने आपापली काडी चिकटपट्टीवर नाव घालून ऑपरेटरकडे ठेवली, पासवर्ड डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिले, आणि सगळे मोकळे झाले. ऑपरेटरबाईला सगळं ऑफिस चाव्यावाली म्हणायचं. सही अशी दुसऱ्याच्या हाती देण्यात कुणाला काही वाटत नसे. तिलाही कधी वाटलं नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावली होती, वर एक फूलही काढलं होतं.

"मॅडम! आई कशा आहेत?" चाव्यावाली उठून उभी राहिली. "तुम्ही कशाला आलात? मी केलं सगळं. साहेब म्हणाले, त्यांना त्रास देऊ नका."

"माझी काडी दे."

"अहो पण झालंय ते."

"माझी काडी दे म्हणते ना!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पंख्याखालची माणसं वर पाहू लागली. सव्वीस वर्षांत ती या खोलीत ओरडली नव्हती. आवाज तिलाच अनोळखी वाटला, जाडा, जरासा आईसारखा. चाव्यावालीने डबा उघडला, आधी दोन भलत्याच काड्या काढल्या, मग तिची दिली, आणि त्या पोरीची काही चूक नव्हती, आणि तरीही तिच्याबद्दल दया आली नाही.

संगणकावर तिने आराखडा उघडला. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पर्याय होता : सादर केलेला आराखडा मागे घ्या. सही करणाऱ्यालाच, आणि मुदतीच्या आतच. तिने त्यावर बोट ठेवलं आणि तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. ओरडणं आतपर्यंत गेलं असणार.

"काय झालं मॅडम? घरी सगळं ठीक?"

"आई न्हाणीघरात पडली. दार उघडेना. आत उघडतं म्हणून."

"कळलं मला, वाईट झालं. वय झालं की जपावं लागतं." साहेबांनी मान हलवली, अगदी मनापासून हलवली, तेच तर वाईट होतं. "फरशी ओली असते ना."

"फरशी सगळ्या जगाची ओली असते. दार आपलं आहे. तुम्हाला आठवतं? तो शनिवार?"

साहेबांना आठवत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर ती शोधत राहिली, एखादी सुरकुती, एखादी पापणी, काहीतरी. पण तिथे खरोखरच काही नव्हतं. तिने अकरा वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते या माणसाच्या डोक्यात अकरा मिनिटंही राहिलं नव्हतं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथे तर खाणाऱ्याला आपण काय खाल्लं तेही आठवेना.

"मी आराखडा मागे घेतेय," ती म्हणाली. "दार बाहेर काढून पुन्हा टाकते."

"वेड लागलंय का तुम्हाला? दीड वाजलाय. सहाला बंद होतं ते. अकरा पानं आहेत. नाही गेलं तर? त्या जिन्यातल्या बायकांना तुम्ही सांगणार? तीनशे बारा कुटुंबं, मॅडम. एका दारासाठी?" साहेबांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला, समजूत घालायला लागला. "हे बघा, घर तर मिळू दे त्यांना. मग दारं ती बदलून घेतील."

"घेतील की नाही ते जाऊ दे. मी घेतलं का बदलून? माझ्या आईच्या घरचं?"

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. ती बटणाकडे पाहत बसली. मागे घेतलं आणि वेळेत जमलं नाही, तर ती बिनदातांची बाई आणखी दोन पावसाळे पत्र्याखाली काढणार. नाही घेतलं, तर तिला घर मिळणार, आणि दार मिळणार. पहिल्यांदाच तिला साहेबांची बाजू पुरती दिसली, आणि ती बरोबर होती, आणि त्यानेच ती पिसाळली. दर वेळी असंच बरोबर असायचं. दर वेळी मुदत असायची, जिन्यात कुणीतरी असायचं, आणि 'एका दारासाठी' असायचं. एका बोळासाठी, एका खिडकीसाठी, गटाराच्या एका उतारासाठी. गरिबाच्या घराला घाई असते, म्हणून त्यात काहीही खपतं. आणि घाई कोण करतं, तर ज्यांनी वर्षभर कागद उशाखाली घेऊन झोप काढली ते. तिने बटण दाबलं. मागच्या टेबलावर कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

मग ती बसली. भिंतीची रेघ निवडली आणि अर्धी वीट आत सरकवली. बिजागरं पलीकडे. पाव वर्तुळ बाहेर. खोलीचं माप, बोळाचं माप, न्हाणीघराचं माप. एक पान. दुसऱ्या पानावर मजल्यावरची चार घरं, चारही सरकवायची. तिसऱ्यावर जिना, त्याला धक्का नको. तिला भूक लागली होती, लघवीला लागली होती, डाव्या खांद्यात चमक भरली होती, आणि डोकं इतकं स्वच्छ होतं की भीती वाटावी. चाव्यावाली शेजारी येऊन बसली आणि क्षेत्रफळाचं पान करायला लागली. साहेब दोनदा केबिनच्या दारापर्यंत येऊन गेले. पाच, सहा, सात. नवव्या पानावर एक माप जुळेना, दोन बोटांचा फरक, मग चाव्यावाली म्हणाली, "मॅडम, हे मागच्या वेळचंच चुकलंय. दोन्ही टप्प्यांत असंच आहे." तिने तेही सुधारलं. अकरावं पान झालं. सही केली. स्वतःच्या हाताने काडी लावून, स्वतःच्या डोळ्यांनी वाचून. सादर झाल्याचा मेसेज आला तेव्हा तिने घड्याळ पाहिलं.

तीन वाजून चाळीस मिनिटं.

साहेब आले, त्यांनी पडद्यावर वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "झालं की! बघा, उगाच डोक्यात राख घालून घेतलीत. दोन तासांत झालं."

दोन तासांत झालं. अकरा वर्षं, चारशे ऐंशी दारं, आणि काम दोन तासांचं. आज जमलं नसतं, मुदत टळली असती, तर तिला इतकं लागलं नसतं. मग म्हणता आलं असतं, शक्यच नव्हतं, तेव्हाही नव्हतं, आताही नाही. पण ते शक्य होतं. त्या शनिवारीसुद्धा, संगणक मंद होता असं धरलं तरी, रात्री आठला झालं असतं.

"आधीच्या चारशे ऐंशींचं काय?" तिने विचारलं.

"त्यांचं काय?"

"दारं फिरवायची. बिजागरं काढून बाहेर लावायची. घरटी एक सुतार, अर्धा दिवस. बोळ चार बोटं अडेल, अडू दे."

साहेब खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "मॅडम, निधी नव्या घरांना असतो. नव्या रस्त्याला असतो. झालेल्याला दुरुस्तीचं लेखाशीर्षच नाही आपल्याकडे. आणि लेखी देऊ नका काही. लेखी दिलंत तर चूक कुणाची हे येईल, आणि सही तुमची आहे." हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, काळजीने म्हटलं होतं. तिने एक कोरा कागद ओढला आणि लिहिलं : टप्पा एक व दोनमधील न्हाणीघराची दारं आत उघडतात, ती धोक्याची आहेत, तो आराखडा मी काढला. खाली सही केली, शाईची. आवक टेबलावर नेऊन दिला. कारकुनाने विचारलं, हे कुठल्या विषयाखाली घेऊ? ती म्हणाली, "दार." पोच घेतली आणि बाहेर पडली. जिन्यातल्या बायका उठून गेल्या होत्या.

आईच्या वसाहतीत शिरताना पहिल्यांदा रस्ता लागतो, सिमेंटचा, आरशासारखा, दोन्ही बाजूंना दिव्याचे खांब, आणि उद्घाटनाचा दगड, त्यावर एकवीस नावं. तिचं नाव नाही. पूर्वी तिला याचं थोडं वाईट वाटायचं. आईला दोन पातळं आणि गाऊन हवा होता, आणि घराची चावी शिवणवालीकडेच असायची, म्हणून तिने समोरच्या घराची कडी वाजवली. या इमारतीत ती नऊ वर्षं येत होती, पण आईच्या उंबऱ्यापलीकडे दुसऱ्या कुणाच्या घरात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"या ताई, आत या. चावी देते. आई जेवल्या का?" शिवणवाली तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाली. खोलीच्या मधोमध दोन घडवंच्यांवर एक लांब गुळगुळीत फळी होती आणि तिच्यावर निळं कापड पसरलेलं. फळीच्या एका कडेला तीन बिजागरांच्या खाचा होत्या. तिने मान वळवली. बोळाच्या टोकाला न्हाणीघर होतं आणि त्याला फुलाफुलांचा पडदा होता.

"दार कुठंय तुमचं?"

"हे काय, तुमच्यासमोर! कापड बेतायला एक नंबर." शिवणवाली हसली. "पहिल्याच वर्षी काढलं. आमची सासू अडकली होती आत, वाचली नशिबाने. वरच्यांनी पण काढलं, खालच्यांनी पण. अख्ख्या इमारतीत कुणाकडे नाही, पडदेच आहेत सगळ्यांकडे. तुमच्या आईंना किती वेळा म्हटलं, आमचे हे येऊन काढून देतील, दहा मिनिटांचं काम. ऐकतील तर शपथ! म्हणायच्या, माझ्या मुलीने काढलंय हे घर, आत उघडतं म्हणजे तिने काहीतरी विचार करूनच ठेवलं असेल."

तिने आधारासाठी हात पुढे केला आणि तो त्या दारावर टेकला.

"ताई, हात जरा उचलता का?" शिवणवाली म्हणाली. "कापड सरकतंय."